दोनशे फूट बीड

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही वस्तू समोर आली की मी आधी तिच्यावरची पार्टिंग लाइन शोधतो. रस्त्यातलं गटाराचं झाकण असो, जुन्या शिलाई मशीनचा पाय असो, नाहीतर गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या जिन्याचा कठडा असो. साच्याच्या दोन पेट्या जिथे एकमेकींवर बसल्या तिथे एक बारीक रेष राहतेच. ओतीव घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याने ग्राइंडर कितीही फिरवला तरी पॅटर्नमेकरला, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा पाडतात तो लाकडी नमुना बनवणाऱ्याला, ती सापडते. नोकरीची सगळी वर्षं ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली. त्यामुळे ही खोड आता काही जायची नाही.

याच खोडीपायी मी इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या काठी एका पुलाखाली मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, ही गाडी चुकली ना, तर चहा घरी जाऊनच मिळेल हं." मुलगी-जावई बर्मिंगहॅमजवळ राहतात. किडरमिन्स्टरहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने फिरवून आणायचं, हा त्यांनी आमच्यासाठी आखलेला कार्यक्रम. आमच्या हिला इंजिनाची शिट्टी आवडली, नातवाला कोळशाचा धूर. मला पूल मिळाला.

व्हिक्टोरिया ब्रिज. नाव अगदी साधं, त्या काळात इंग्लंडात दर दुसऱ्या गोष्टीला हेच नाव असावं. ब्यूडली आणि आर्ली या स्टेशनांच्या मध्ये, आर्लीच्या जरा अलीकडे तो नदी ओलांडतो. गंमत अशी की गाडीत बसून तो दिसतच नाही. खिडकीतून खाली पाणी दिसतं, झाडं दिसतात, चाकांचा आवाज बदलतो, एवढंच. पूल बघायचा तर आर्लीला उतरून नदीकाठच्या पायवाटेने मागे यायचं. मग झाडांमधून एकदम ती कमान समोर येते. एकच कमान, काठापासून काठापर्यंत २०० फूट, पाण्यात एकही खांब नाही. इंजिनिअर जॉन फाउलर, ठेकेदार ब्रॅसी आणि कंपनी. हे सगळं कमानीच्या माथ्यावर, १८६१ या सालासकट, उठावाच्या अक्षरांत ओतलेलं आहे. पाटी लावलेली नाही, कास्टिंगच्या अंगातच अक्षरं आहेत. गाड्या सुरू झाल्या ३१ जानेवारी १८६२ ला.

उठावाची अक्षरं म्हणजे पॅटर्नमेकरचं किचकट काम. लाकडी पॅटर्नवर एकेक अक्षर चिकटवायचं, त्याच्या कडांना उतार द्यायचा, नाहीतर साचा उघडताना वाळूचे कंगोरे तुटतात आणि ओतल्यावर 'र' चा 'व' झालेला असतो. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या नावात अशी गडबड झाली की अख्खा लॉट परत. इथे दीडशेहून जास्त वर्षांनंतरही नदीच्या काठावरून ती अक्षरं वाचता येतात. ओतकाम कोलब्रुकडेल कंपनीचं. त्या कंपनीकडे मी पुढे येतोच.

आधी कमान. ती एक दिसत असली तरी शेजारी-शेजारी चार बरगड्या आहेत. प्रत्येक बरगडी नऊ तुकड्यांची, तुकडे टोकाच्या फ्लँजांवर, म्हणजे बाहेर काढलेल्या सपाट कडांवर, बोल्टांनी आवळलेले. म्हणजे नुसत्या बरगड्यांची छत्तीस ओतीवं. वर रुळांपर्यंत जाणारे बारके खांब आणि आडव्या-तिरप्या पट्ट्या वेगळ्या. दोनशे फुटांना नऊने भागा, एकेक तुकडा बावीस फुटांच्या वरच जातो. बावीस फुटांचं, किंचित वाकलेलं, एका दमात ओतलेलं बीड! ज्यांनी कधी साच्यात धातू ओतलेला पाहिलाय त्यांना यातली मेख कळेल. धातू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थंड न होता पोचला पाहिजे, वाटेत कुठे दोन प्रवाह भेटले तर ते एकजीव झाले पाहिजेत. नाहीतर तिथे कोल्ड शट, म्हणजे वरून सलग आणि आतून फटलेलं.

आणि आकसण्याचा हिशेब. बीड साधारण १२०० अंशांना वितळलेलं असतं. ते घट्ट होऊन गार होईपर्यंत आकसतं, फुटाला एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्नमेकरच्या हातातली फूटपट्टी बाजारातल्या फूटपट्टीपेक्षा लांब असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेले असतात, पण ते खरे सव्वाबारा इंचांच्या अर्ध्या वाटेवर संपतात. आमच्याकडे नवा पोरगा कामाला लागला की हमखास आपली शाळेची पट्टी शेजारी धरून सांगायला यायचा, "काका, ही चुकीची छापलीये." आम्ही गंभीर चेहरा करून त्याला स्टोअरमध्ये तक्रार द्यायला पाठवायचो. तर या हिशेबाने बावीस फुटांच्या तुकड्याचा लाकडी पॅटर्न पावणेतीन इंच जास्त लांब करावा लागणार. सगळी कमान धरली तर दोन फुटांहून अधिक. कुणीतरी १८६० च्या सुमारास कोलब्रुकडेलच्या सुतारशाळेत बसून हा हिशेब वक्र रेषेवर केला, आणि नऊ तुकडे नदीवर आणल्यावर त्यांची भोकं एकमेकांसमोर आली. संगणकावरचं ड्रॉइंग (कॅड) नाही, संगणकाने चालणारी मशीन (सीएनसी) नाही. मी पुलाखाली उभा राहून नेमके ते जोडच बघत होतो. फ्लँज फ्लँजला चपखल.

आता मूळ मुद्द्याचं. बीड स्वस्त, ओतायला सोपं, गंजायला पोलादापेक्षा संथ. पण त्याच्यात कार्बन भरपूर, दोन टक्क्यांच्या वर, आणि तो धातूच्या आत ग्राफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात पसरलेला. दाब आला की पाकळ्या मिटतात, काही बिघडत नाही. ताण आला की प्रत्येक पाकळी म्हणजे एक तयार चीर. फळ्यावरचा खडू उभा धरून दाबा, बराच जोर सोसतो. तोच दोन टोकांना धरून वाकवा, टचकन तुटतो, आणि तुटण्याआधी सूचना देत नाही. घडीव लोखंड किंवा पोलाद निदान वाकतं, ताणलं जातं, माणसाला सावध व्हायला वेळ देतं.

कमानीचा सगळा खेळ असा आहे की तिच्या अंगात जवळजवळ दाबच राहतो. वरून आलेलं वजन कडेकडेने उतरत दोन्ही काठांवरच्या दगडी बांधकामात जातं. म्हणजे फाउलरने बिडाकडून तेच मागितलं जे बीड देऊ शकतं. हे आज पुस्तकी वाटतं, पण त्या काळात हे कळायला माणसं मेली आहेत.

१८४७ सालच्या २४ मे रोजी चेस्टरला डी नदीवरचा पूल गाडीखाली मोडला. पूल रॉबर्ट स्टीफन्सनचा, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एकाचा. त्याने कमान न करता बिडाच्या सरळ तुळया टाकल्या होत्या, एकेक गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ९८ फुटांचा. सरळ तुळई वाकते तेव्हा तिच्या खालच्या अंगाला ताण येतो. तो सोसायला शेजारून घडीव लोखंडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, पण त्यांचा उपयोग झाला नाही. त्यात त्याच दिवशी लाकडी डेकला आग लागू नये म्हणून वर खडी पसरली होती, म्हणजे वजन वाढलं होतं. पाच माणसं गेली. चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं आणि बिडाच्या तुळयांवरचा विश्वास उडाला. कमानींवरचा उडाला नाही, हे महत्त्वाचं. म्हणूनच चौदा वर्षांनी फाउलर बिडाचा रेल्वे पूल करू शकला.

दुसरी गोष्ट टे नदीवरच्या पुलाची, स्कॉटलंडमधली. ती मी पॅटर्न शॉपमध्ये आलेल्या प्रत्येक पोराला सांगत आलो, कारण तिच्यात आमच्या धंद्याचा थेट संबंध आहे. २८ डिसेंबर १८७९, रविवारची रात्र, वादळ. गाडी पुलावर असताना मधले उंच गाळे कोसळले. गाडीतलं कुणी वाचलं नाही, सुमारे पंच्याहत्तर माणसं. पूल जेमतेम दीड वर्ष वापरात होता.

लोक म्हणतात वारा. वारा होताच. पण पुलाचे खांब बिडाच्या पोकळ नळ्यांचे होते, आणि त्या नळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या ज्या कानांना बोल्टने अडकवल्या होत्या ते कानही नळीसोबतच बिडात ओतलेले. या कानांतली बोल्टची भोकं ड्रिलने पाडलेली नव्हती, साच्यातच ओतून काढली होती.

ज्याने कधी पॅटर्न बनवलाय त्याच्या लगेच लक्षात येईल काय झालं ते. पॅटर्न वाळूतून वर उचलायचा तर त्याच्या उभ्या बाजू अगदी काटकोनात चालत नाहीत. त्यांना किंचित उतार द्यावा लागतो, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. उतार नसेल तर उचलताना वाळू सोबत येते आणि साचा ढासळतो. साच्यातच भोक काढायचं तर त्या भोकालाही हा उतार येतो. म्हणजे भोक एका तोंडाला रुंद, दुसऱ्या तोंडाला अरुंद. बोल्ट मात्र सरळ. तो भोकात पूर्ण अंगाने टेकतच नाही, अरुंद तोंडाच्या कडेवर टेकतो. सगळा भार त्या नखाएवढ्या कडेवर. आणि बीड, आणि वर ताण. चौकशीच्या वेळी ते कान यंत्रावर ओढून पाहिले, तर हिशेबात धरलेल्या जोरापेक्षा कितीतरी आधीच ते तुटले. पॅटर्नमेकरने आपल्या दृष्टीने काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्याने साचा नीट सुटावा म्हणून उतार दिला. पुढे ते भोक रीमर, म्हणजे भोक घासून नेमकं करणारं हत्यार, फिरवून सरळ करायला हवं होतं, त्याचे पैसे कुणीतरी वाचवले.

त्याच चौकशीत 'बोमाँट्स एग' नावाचा प्रकार उघड झाला. मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी एकत्र गरम करून बनवलेला लगदा. कास्टिंगमध्ये हवेचा फुगा राहून खड्डा पडला, ज्याला आपण ब्लोहोल म्हणतो, की त्यात हा लगदा भरायचा आणि वरून घासून टाकायचं. गार झाल्यावर दिसायला अगदी बीड.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. कारण हा लगदा मी पाहिलाय. राळ-काजळीचा नाही, डब्यातून येणाऱ्या पुट्टीचा, पण आत कालवलेला बिडाचा भुसा तोच. कुठल्या कारखान्यात ते सांगत नाही. महिनाअखेर, डिस्पॅचची घाई, सुपरवायझर खालच्या आवाजात सांगायचा, "भरून टाक रे, रंगाखाली जातंय." पंपाचं बेडप्लेट असेल तर कदाचित काही होत नाही. पण भरणाऱ्याला कधीच माहीत नसतं की हा तुकडा पुढे कशाला लागणार आहे. साचे भरणाऱ्या एका म्हाताऱ्या मोल्डरने मात्र मला युक्ती शिकवली होती: संशय आला की कास्टिंग दोरीवर टांगायचं आणि हातोडीने हलकेच टोकायचं. सलग असेल तर घंटेसारखं लांबवर वाजतं, आत खोट असेल तर बद्द आवाज येतो. पुट्टी डोळ्यांना फसवते, कानाला फसवता येत नाही.

टेचा पूल बांधणारा थॉमस बाऊच हा फोर्थच्या खाडीवरही पूल बांधणार होता. ते काम अर्थातच त्याच्या हातून गेलं, आणि गेलं कुणाकडे, तर आमच्या जॉन फाउलरकडे आणि त्याच्या सहकाऱ्याकडे, बेंजामिन बेकरकडे. १८९० मध्ये उभा राहिलेला फोर्थ ब्रिज संपूर्ण पोलादाचा, त्याचे मोठे गाळे १७१० फुटांचे. म्हणजे एकाच माणसाने १८६१ मध्ये २०० फूट बीड टाकलं आणि तीस वर्षांच्या आत त्याच्या आठपट लांब उडी पोलादात मारली. बिडाच्या पुलांचा जमाना तिथे संपला. मला फोर्थ ब्रिजचं कौतुक आहे, फोटोत तो अजस्र दिसतो. पण जीव आर्लीच्या पुलावरच.

आता कोलब्रुकडेल. सेव्हर्नच्या काठाने वर गेलं की याच कंपनीच्या गावाजवळ तो सुप्रसिद्ध आयर्नब्रिज आहे, जगातला पहिला मोठा बिडाचा पूल. तो व्हिक्टोरियन नव्हे. १७७९ मध्ये त्याची कमान उभी राहिली तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या जन्माला चाळीस वर्षं बाकी होती. १७८१ च्या पहिल्या दिवशी तो रहदारीला खुला झाला. आराखडा थॉमस प्रिचर्डचा, ओतकाम तिसऱ्या अब्राहम डार्बीचं, गाळा १०० फुटांचा. जावयाने दुसऱ्या एका रविवारी तिथेही नेलं. सगळे फोटो काढत होते आणि मी सांधे बघून थक्क झालो होतो. कारण ते सांधे सुताराचे आहेत! कूस आणि खुंटी, पाचरी, डव्हटेल. जे माझे वडील देवरुखकडे दारं-खिडक्यांना करायचे तेच, फक्त लाकडाऐवजी बिडात. बोल्ट-रिव्हेटवर भिस्तच नाही. बरोबरच आहे म्हणा, बिडाचा एवढा पूल आधी कुणी केलेलाच नव्हता, मग ज्याला जे येतं तेच तो करणार. आणि पूल मोजल्यावर असं आढळलं की सारखे दिसणारे मोठमोठे तुकडेसुद्धा एकमेकांहून थोडे वेगळे आहेत, जागेवर बसतील तसे एकेक ओतलेले. म्हणजे एक पॅटर्न आणि त्यावरून शंभर नग, हा आमचा धंदा तेव्हा या कामापुरता सुरूच झालेला नव्हता. तिथून आर्लीच्या पुलापर्यंत ऐंशी वर्षं, आणि त्या ऐंशी वर्षांत सुताराचा सांधा जाऊन घासून सपाट केलेली फ्लँज आणि बोल्ट आला.

१७९५ च्या महापुरात सेव्हर्नवरच्या बाकीच्या पुलांची वाताहत झाली, हा टिकला. दगडी पुलासारखं त्याचं पाण्याला आडवं येणारं अंग नाही, पाणी जाळीतून निघून गेलं. त्याला खरा त्रास दिला तो काठांनी. दरीचे दोन्ही उतार हळूहळू नदीकडे सरकतात आणि कमानीला दोन्हीकडून चेपतात. शेवटी १९७० च्या दशकात नदीच्या तळाखालून काँक्रीटचा आडवा टेकू घालून दोन्ही काठ एकमेकांपासून दूर धरावे लागले. पुलाचं दुखणं पुलात नसतं कधीकधी, जमिनीत असतं. १९३४ पासून तो वाहनांना बंद आहे, फक्त पायी जायचं. अलीकडे, २०१८ मध्ये, रंगाचे जुने थर तपासून त्याला मूळचा गडद तांबडा रंग परत दिला.

इथे माझं आणि आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर साहेबांचं वाजतं. आम्ही ठाण्यात तलावपाळीवर फेऱ्या मारतो आणि मग कट्ट्यावर बसून जगाचे प्रश्न सोडवतो. साहेबांचं म्हणणं, खरा वारसा म्हणजे आयर्नब्रिज, कारण तो जसाच्या तसा राखलाय. आर्लीच्या पुलाचा तर १९७९-८० मध्ये वरचा लाकूड आणि घडीव लोखंडाचा डेक काढून पोलादी टाकला, मग त्यात जुनं उरलं काय?

मी म्हणतो, साहेब, कमान उरली की! डेक हा झिजायचाच. पाऊस त्याच्यावर, खडी त्याच्यावर, चाकांचा मार त्याच्यावर. तो बदलला म्हणून कमानीवरून गाडी जाते आणि कमान ज्यासाठी ओतली ते काम ती अजून करते. फाउलरनेच थोड्या वर वसलेल्या बिल्डवासला या पुलाचा जवळजवळ जुळा भाऊ बांधला, अल्बर्ट एडवर्ड ब्रिज, १८६४ चा. त्याचाही डेक १९३३ मध्ये पोलादी झाला. आणि तो पूल ताशी पाच मैलांच्या मर्यादेने का होईना, औष्णिक वीज केंद्राच्या इंधनाच्या मालगाड्या वाहत होता, ते केंद्र २०१५ मध्ये बंद पडेपर्यंत. मालगाड्या, साहेब! नुसता राखून ठेवलेला पूल आणि कामाला लावलेला पूल यांत मी दुसऱ्याला जास्त मानतो, कारण कामावरच्या पुलाची तपासणी होते. बंद पुलाला रंग लागतो.

आर्लीचा मार्गसुद्धा सरकारने १९६३ मध्ये बंद केला होता. १९६५ मध्ये हौशी लोकांनी संस्था काढली, एकेक तुकडा परत मिळवत १९७४ मध्ये गाडी ब्यूडलीपर्यंत आणली. त्यात पूल आलाच. गाडीत तिकीट तपासणारे, स्टेशनवर फुलझाडांना पाणी घालणारे बरेचसे माझ्या वयाचे, बिनपगारी. आमच्या हिने तिथल्या तिथे जाहीर केलं, "यांना इथेच ठेवून चला."

साहेबांचा मुख्य राग मात्र इंग्लंडवर नसतो, तो आपल्या कळव्याच्या पुलावर असतो. खाडीवरचा जुना दगडी पूल दीडशेहून जास्त वर्षांचा, वाहनांना बंद. २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेल्यावर सगळीकडे जुन्या पुलांची धास्ती घेतली गेली, ते समजण्यासारखंच होतं. आता शेजारी तारांवर तोललेला नवा पूल झालाय. चेंदणीच्या बाजूने उभं राहिलं तर मला त्यात एक वेगळीच मजा दिसते: दगडी कमान पूर्ण दाबावर चालते, आणि नव्या पुलाच्या तारा पूर्ण ताणावर. बिडाला जे कधीच जमलं नाही तेच त्या तारांचं रोजचं काम. ठाण्याला पूल नवे नाहीत. १८५३ मध्ये बोरीबंदरहून गाडी इथवर आली आणि १ मे १८५४ ला खाडी ओलांडून कल्याणला गेली, तीही मुख्यतः दगडी कमानींवरूनच.

आपल्याकडे बिडाचं मोठं काम बघायचं असेल तर ते पुलात कमी, इमारतींत जास्त. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल घ्या. सांगाडा बिडाचा, १८६० च्या दशकात इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. याच माणसाने पुढे लंडनला टेम्सवर अल्बर्ट ब्रिज बांधला, ज्याच्या टोकाला अजून पाटी आहे की सैनिकांनी पुलावर पावलं मिळवून चालू नये. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती वॉटसनमध्येच. आज तिथली अवस्था बघवत नाही, पण खालच्या मजल्याचे खांब बघा. पोकळ खांब आतला कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा गाभा, न सरकता ओतणं सोपं नाही. कोअर जरा तरंगला की एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ, आणि बाहेरून काही कळत नाही.

बाकी आमच्या वागळे इस्टेटची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. जिथे बीड वितळवायची कपोला भट्टी होती तिथे आता काचेची इमारत आहे. आमचं युनिट बंद झालं तेव्हा मशीनं विकली गेली, बीड भंगारात गेलं, त्याला भाव होता. पॅटर्नना भाव नव्हता. सागाचे, रंग दिलेले, नंबर टाकलेले, रॅकभर पॅटर्न. काही कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी उचलले, उरलेले जवळच्या एका हॉटेलवाल्याने तंदूरसाठी नेले. मी एका पंपाच्या व्हॉल्यूटच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, पॅटर्नचा अर्धा भाग घरी आणला. तो गोगलगाईसारखा वळत जाणारा आकार करायला मला महिनाभर लागला होता. तो आता टीव्हीच्या वर आहे. पाहुणे विचारतात, शंख आहे का?

म्हणून एक विनंती. ठाण्यात, मुंबईत, पनवेलला, कुठेही जुनं ओतीव काम दिसलं, दिव्याचा खांब, पाण्याचा नळ, बाकाचा पाय, जिन्याची पायरी, आणि त्यावर फाउंड्रीचं नाव किंवा साल असेल, तर फोटो पाठवा. मी यादी करतोय. अक्षरं रंगाने बुजली असतील तर खरवडू नका. संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा काढा, सावलीने उठाव दिसतो. नाहीतर पातळ कागद वर धरून पेन्सिल घासा. पाठीमागची बाजूही दाखवा, पार्टिंग लाइन बहुतेक तिथेच असते. आणि शेजारी एखादी फूटपट्टी ठेवा. शाळेची चालेल, आमची नको.